कुरडयांच्या आठवड्यात एक दिवस बाहेर कसा काढायचा? (नाशिक)

सिडकोची_सून

नमस्कार मंडळी, सल्ला पाहिजे, जरा लांबलचक होणार आहे तर सांभाळून घ्या. आमच्याकडे दरवर्षी आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) आधीच कुरडया होऊन जातात पण ह्या वर्षी घरात लग्न होतं त्यामुळे सगळंच पुढे ढकललं गेलं आणि आता मे संपत आला तरी गच्चीवर एक कपडा अंथरलेला नाही. राहिलंय काय काय, तर पाच किलो गव्हाच्या कुरडया, उडदाचे पापड, नागलीचे पापड, बटाट्याचा कीस, वर्षाचं तिखट कांडून आणायचंय आणि वर गावाहून दोन क्विंटल गहू येऊन हॉलमध्ये पडलाय तो ऊन दाखवून कोठीत भरायचाय. सासूबाई सोमवारी येताहेत त्या खास ह्यासाठीच.

आता दुसरं असं की माझी बहीण पुण्याहून पुढच्या शुक्रवारी रात्री पोरांना घेऊन येतेय आणि रविवारी संध्याकाळी परत जाणार. पोरांची सुट्टी १५ जूनला संपेल आणि सुट्टीभर आमची पोरं मोबाईल घेऊनच बसलीयेत, म्हणून सगळ्यांना एक दिवस तरी बाहेर मोकळ्यावर न्यायचंय. आमच्या ह्यांच्या कंपनीला शनिवारी सुट्टी, म्हणजे गाडी मिळणार ती शनिवारीच. सासूबाई म्हणतात आधी वाळवण उरकू द्या मग कुठं जायचं ते जा, पण वाळवण उरकेपर्यंत बहीण पुण्याला पोचलेली असेल आणि तिकडे मृगही लागेल.

तर कामाच्या मधेच एक दिवस काढता येतो का, का त्याने सगळा पसारा बिघडतो? आणि गेलो तर जायचं कुठे? सासूबाईंना न्यायचंच आहे, त्यांचे गुडघे दुखतात, पोरं ६ ते ११ वयाची, आणि दुपारी चारनंतर आभाळ भरून येतंय हल्ली त्यामुळे तोपर्यंत घरी पोचलेलं बरं.

पंचवटीची_काकू

अगं मधेच कशाला, कुरडयांच्या कामातच एक दिवस रिकामा असतो तो पकड ना. कुरडईचं काम लोकांना वाटतं चार-पाच दिवसांचं आहे पण त्यातले पहिले तीन दिवस तुला काहीच करायचं नसतं, गहू पातेल्यात भिजत पडलेले असतात आणि आपण उगाच घरात अडकून बसतो, जसं काय ते पळून जाणार आहेत.

हे बघ, बुधवारी रात्री गहू धुऊन भिजत घाल. गुरुवार, शुक्रवार, शनिवार पाणी बदलायचं, एरवी रोज एकदा पुरतं पण ह्या उकाड्यात सकाळ-संध्याकाळ दोनदा बदल नाहीतर वास मारतो आणि चीक (गव्हाचं दाट दूध) आंबट होतो. शनिवारी पहाटे पाणी बदललं की निघा फिरायला. संध्याकाळी येऊन दाणा चिमटीत दाबून बघ, पांढरं दूध बाहेर आलं की झालं. मग मिक्सरला वाटायचं, पाण्यात कोळून चाळणीतून आणि मग पातळ फडक्यातून गाळायचं, आणि तो चीक रात्रभर झाकून ठेवून द्यायचा, त्याला हात लावायचा नाही. रविवारी पहाटे वरचं पिवळट पाणी अलगद ओतून टाकलं की खाली घट्ट चीक बसलेला असतो. चीक जेवढा तेवढंच पाणी मोजून उकळायला ठेव, त्यात मीठ हिंग, आणि चीक सोडताना एकाने ओतायचं आणि एकाने हलवायचं, एकटीने करू नकोस, गुठळ्या होतात. वर चकाकी आली की झाकण ठेवून वाफ काढायची आणि गरम गरमच सोऱ्यात भरायचा, गार झाला की सोऱ्या फिरत नाही आणि दांडा तुटतो.

आठ वाजेपर्यंत गच्चीवर कुरडया पडल्या पाहिजेत, म्हणजे पहिल्या दिवसाचं पूर्ण ऊन मिळतं. पहिलं ऊन महत्त्वाचं, दुसऱ्या दिवशी उलटवून टाकल्या की झालं. रविवारी तुझी बहीण पण आहे, म्हणजे माणूसबळ आयतंच. कुठे जायचं ते बाकीचे सांगतील, मी गंगाघाट सोडून कुठे जात नाही.

गडवाट_भटक्या

काकूंचा शनिवार पक्का धरून सांगतो. मे महिन्यात नाशिकच्या आसपास फिरायचं तर नियम एकच, उजाडताना तिथे पोचायचं आणि अकराच्या आत सावलीत यायचं. हरिहर किल्ल्याचा विचारसुद्धा करू नका, रील्स बघून सगळे तिकडेच धावतात, त्या उभ्या कातळातल्या पायऱ्यांवर सुट्टीच्या दिवशी वर जाणारे आणि खाली येणारे एकमेकांत अडकून उभे असतात, आणि कातळ तापला की हात ठेववत नाही. अंजनेरी सुंदर आहे पण चढ मोठा, गुडघेवाल्यांसाठी नाही, ती पावसानंतर करा.

पोरांसाठी रामशेज सांगितलं असतं, दिंडोरी रोडने आशेवाडी, अर्ध्या-पाऊण तासात वर, वाटेत रामाचं मंदिर आहे, आणि पोरांना गोष्ट सांगायलाही भारी, की हा एवढासा दिसणारा किल्ला १६८२ पासून पाच-सहा वर्षं औरंगजेबाच्या सैन्याला मिळाला नाही. पण सासूबाई पायथ्याशी गाडीत बसून राहणार आणि ते काही बरोबर नाही.

म्हणून माझं मत सिन्नर. गोंदेश्वर मंदिर. पुणे हायवेने सिडकोतून तासाभरात पोचता, एक पायरी-दोन पायऱ्या सोडल्या तर चढ नाही. यादवांच्या काळातलं काम आहे, मधे महादेव आणि चार कोपऱ्यांत सूर्य, विष्णू, पार्वती, गणपती अशी छोटी देवळं, म्हणजे पंचायतन. पोरांना सांगा की बाहेरच्या भिंतींवर कोण किती हत्ती मोजतो बघू, तास सहज जातो. फक्त एक, सगळा चौथरा दगडी आहे आणि चपला बाहेर काढायला लागतात, नऊनंतर पाय भाजतात, म्हणून मोजे न्या किंवा लवकर जा. तिथून पुढे डुबेरे गाव जवळच आहे, तिथल्या बर्वे वाड्यात १७०० साली पहिल्या बाजीरावाचा जन्म झाला, आजोळ त्याचं. वाडा राहता आहे त्यामुळे आत जायला मिळेलच असं धरून जाऊ नका, बाहेरून बघून या, विचारून बघा.

आयटीवाला_इंदिरानगर

एवढं सगळं करण्यापेक्षा कुरडया विकत घ्या की, बचत गटाच्या बायका करून देतात, घरच्यासारख्याच असतात, आणि शनिवार-रविवार दोन्ही मोकळे. शनिवारी दुपारी निघून काजवे बघायला भंडारदऱ्याला जा, हाच सीझन आहे, मेच्या शेवटापासून पहिला जोराचा पाऊस पडेपर्यंत. पोरं आयुष्यभर विसरणार नाहीत.

सिडकोची_सून

विकतच्या घेतल्या असत्या पण सासूबाईंच्या समोर हे वाक्य बोलायची माझी हिंमत नाही 😀 आणि खरं सांगू का मला पण नाही आवडणार, त्या गरम चिकाची वाटी तेल आणि साखर घालून खायची असते सकाळी, ती कुठला बचत गट देणार? पोरं कुरडयांसाठी नाही, त्या वाटीसाठी उठतात पहाटे.

काजव्यांचं मनात होतं माझ्या. पण मग शनिवारी संध्याकाळी गहू कोण वाटणार?

गडवाट_भटक्या

तेच म्हणतो, काजवे आणि कुरडया एका शनिवारी बसत नाहीत. घोटी, बारी करत शेंडीला, म्हणजे भंडारदऱ्याच्या गावात, पोचायचं म्हणजे सत्तरेक किलोमीटर, अंधार पडल्यावर दोन तास बघायचं आणि परत रात्रीच्या ट्रॅफिकमधून घरी, अंथरुणाला पाठ टेकेपर्यंत एक-दीड वाजतो आणि चारला उठून चीक शिजवायचाय. शिवाय सीझनच्या शनिवारी तिथे गाड्यांची जत्रा असते, हेडलाईट चालू, मोबाईलचे टॉर्च चालू, गाणी चालू. काजव्याचा नर उजेड पाडतो तो मादीला खूण म्हणून, त्यात आपण टॉर्च मारले की त्यांचं जुळतच नाही, म्हणजे पुढच्या वर्षी काजवे कमी. जायचं असेल तर आठवड्याच्या मधल्या वारी जा, गाडीचे दिवे बंद करून लांब लावा, आणि वनखात्याच्या त्या वर्षीच्या प्रवेशाच्या वेळा आधी बघून घ्या. हे फक्त तुम्हाला नाही, आयटीवाल्या भाऊंना पण.

आयटीवाला_इंदिरानगर

बरं बाबा. मग नांदूरमधमेश्वर? निफाड बाजूला, सगळं सपाट, पक्षी बघायला मिळतील, सासूबाईंना पण चालेल. रामसार साईट, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, आहे ना ती?

गोदाकाठचा

आहे, २०२० मध्ये दर्जा जाहीर झाला, महाराष्ट्रातलं पहिलं. पण साहेब मे महिन्यात तिथे काय बघणार. बाहेरून येणारे पक्षी थंडीत येतात, नोव्हेंबर ते फेब्रुवारी या, सकाळी सातला मनोऱ्यावर उभं राहा, मग बघा. आत्ता स्थानिक बगळे, जांभळ्या पाणकोंबड्या वगैरे दिसतील पण झाडं कमी आणि ऊन मरणाचं, पोरं दहा मिनिटांत कंटाळतील. थंडीतलं ठिकाण उन्हाळ्यात दाखवून पोरांचं मन कशाला मोडता.

सिन्नरच बरोबर आहे. घरून डबा न्या, दशम्या, शेंगदाण्याची चटणी, कैरी-कांदा, टिकतं आणि उन्हात त्रास देत नाही. की मग येताना मिसळ, ते तुमचं तुम्ही ठरवा, पण मिसळ खाऊन दुपारी गव्हाचं वाटण काढायचं म्हणजे झोप येणार हे नक्की.

शेतकऱ्याची_लेक

सगळे कुरडयांवरच बोलताय, बाकीच्या कामांचं काय? मी सांगते, कारण क्रम चुकला की सगळं चुकतं आणि आता दिवस फार हातात नाहीत, रोहिणी २५ तारखेला लागतं आणि ७ जूनच्या आसपास मृग. जे कडक उन्हाशिवाय होतच नाही ते आधी घ्यायचं. बटाट्याचा कीस एका दिवसाच्या सणसणीत उन्हात वाळायला हवा नाहीतर काळपट पडतो, म्हणून तो सासूबाई आल्या की मंगळवारी लगेच. नागलीचे पापड पण उकड काढून उन्हातच, ते बुधवारी. उडदाचे पापड मात्र सगळ्यात शेवटी ठेवा, ते घरात पंख्याखाली लाटायचे आणि सावलीतच सुकवायचे असतात, नंतर थोडंसं ऊन दाखवलं तरी पुरतं, जास्त उन्हात कडा वळतात आणि तडकतात. म्हणजे आभाळ आलं तरी उडदाचं काम थांबत नाही. तुमची बहीण गेल्यावर निवांत करा.

गव्हाचं सांगते, दोन दिवस पसरून ऊन द्या, संध्याकाळी गोळा करून घरात घ्या, रात्री दव-पाऊस काही सांगता येत नाही. आणि उन्हातून उचलून गरम गरम कोठीत कधीच भरू नका, आतल्या आत घाम धरतो आणि बुरशी, पोरकिडे दोन्ही येतात. एक रात्र घरात पसरून गार होऊ द्यायचे, मग चाळून, कडुलिंबाचा पूर्ण वाळलेला पाला थर देऊन भरायचे. ओला पाला घालणारे लोक पाहिलेत मी, त्यापेक्षा घालू नका. एरंडेल तेल डाळींना आणि तांदळाला लावतात, गव्हाला पण चालतं पण दोन क्विंटलला चोळत बसाल का.

पण महत्त्वाचं, गहू आणि कुरडया एकाच दिवशी गच्चीवर नकोत. चिकट कुरडईवर गव्हाची धूळ बसते. गहू गुरुवार-शुक्रवारी घाला, तेव्हा कुरडयांचे गहू भिजतच असतील, शुक्रवारी संध्याकाळी खाली आणा, रात्रभर आणि शनिवारचा दिवसभर घरात गार होतील, तुम्ही फिरायला गेलात तरी त्यांचं काही अडत नाही.

सिडकोची_सून

ताई हे फार कामाचं सांगितलंत, मी गहू पण रविवारीच टाकणार होते.

गच्चीची मात्र एक भानगड आहे. आमच्या बिल्डिंगमध्ये गच्चीवर अर्धी जागा सोलर पॅनलने खाल्लीये आणि उरलेल्या अर्ध्या जागेवर रविवारी सगळ्यांचाच डोळा असतो, चावी सेक्रेटरींकडे. आणि मसाल्याचं पण राहिलं, मिरच्या आणून ठेवल्यात, देठ काढायचेत, कांडप मशीनवाल्याकडे गेले होते तर बायकांची ही रांग.

पंचवटीची_काकू

मिरच्यांचे देठ पोरांच्या हातात अजिबात देऊ नकोस, डोळ्याला हात लावतात मग घर डोक्यावर. रात्री टीव्ही बघताना तुम्ही दोघं काढा, हातांना आधी तेल लावून. मसाला मी म्हणेन बहीण गेल्यावरच्या आठवड्यात मधल्या वारी सकाळी दुकान उघडतानाच जा, शनिवार-रविवार गेलीस तर नंबर लागेपर्यंत दिवस जातो. पण जायच्या आदल्या दिवशी मिरच्या कडक वाळल्यात का बघ, मुठीत दाबल्या की कुरकुर वाजल्या पाहिजेत, मऊ असल्या तर कांडणारा परत पाठवतो आणि त्याचंही बरोबर आहे, मऊ मिरची कुटली की बुकणी बारीक होत नाही आणि वर्षभर टिकत पण नाही. पाऊस झाला की हवेतच ओल येते म्हणून फार लांबवू नकोस एवढंच.

गच्चीचं म्हणशील तर सेक्रेटरीच्या बायकोला शनिवारी रात्रीच सांग की सकाळी चिकाची वाटी पाठवते. चावी घरपोच येते.

सातपूरचा_नवरोबा

एक पुरुष म्हणून बोलू का, ह्या सगळ्या धाग्यात ताईंच्या मिस्टरांचं काम फक्त गाडी चालवण्याचं दिसतंय आणि एका ठिकाणी मिरच्यांचे देठ. आमच्याकडे सोऱ्या माझ्याकडे असतो. गरम चीक भरलेला पितळी सोऱ्या दाबणं हे ताकदीचं काम आहे, पाच किलोच्या कुरडया पाडायच्या म्हणजे शेवटी खांदे बोलतात, बायकांनीच ते का करायचं? मिस्टरांना रविवारी सुट्टी नसेल तर पहाटे चार ते सात तरी मिळतात ना, तेवढ्यात पाडून होतात आणि कंपनीत वेळेवर पोचतो, आमची पहिली शिफ्ट असते तेव्हाच थोडी अडचण होते. सोऱ्याला आतून तेलाचा हात लावा आणि दोन सोऱ्या ठेवा, एक भरेपर्यंत दुसरा चालू.

आणि शनिवारी सिन्नरला निघताना पहाटे पाणी बदलायचं काम पण त्यांनाच द्या, तसंही गाडी धुवायला ते लवकर उठतील.

सिडकोची_सून

😂😂 हे वाचून दाखवलं. पाणी बदलायला तयार झालेत, सोऱ्याचं "बघू" म्हणालेत.

सासूबाईंना पण सांगितलं, आधी गप्प बसल्या, मग म्हणाल्या गोंदेश्वराला त्या लग्नाआधी माहेरच्या माणसांबरोबर बैलगाडीतून गेल्या होत्या, नंतर जाणं झालंच नाही. आता त्याच विचारताहेत किती वाजता निघायचं. मी पाचला म्हटलं तर म्हणाल्या साडेचार.

काकू एक शेवटचं विचारते, समजा शनिवारी येताना उशीर झाला किंवा रविवारी सकाळी आभाळ असलं तर चिकाचं काय करायचं? टाकून द्यायचा का?

पंचवटीची_काकू

टाकतात का अगं लक्ष्मी! वरचं पाणी काढून टाक, घट्ट चीक डब्यात भरून फ्रीजमध्ये ठेव, एक दिवस सहज राहतो, थोडा आंबूस होईल तेवढंच. सोमवारी ऊन पडलं की शिजव. आणि सोमवारी पण नाहीच पडलं तर थोड्या चिकाचा सगळ्यांना घाटा करून खाऊ घाल आणि बाकीच्याच्या कुरडया घरात पंख्याखाली प्लॅस्टिकवर पाड, ऊन आलं की वर ने. पंख्याखालच्या पांढऱ्याशुभ्र होत नाहीत, पण तळल्यावर फुलतात. आणि वाटण्याआधी गव्हाचं शेवटचं पाणी तुळशीला घालू नकोस, वास येतो, गच्चीवरच्या कढीपत्त्याला घाल.